‘एवढ्याशा कारणावरून?’ – मुलांच्या आत्महत्येच्या प्रयत्नाआधीचे महिने

पाणवठा (धागाकर्ती)

मागच्या वर्षी माझ्या पंधरा वर्षांच्या भाचीने स्वतःचा जीव घेण्याचा प्रयत्न केला. ती वाचली. आता शाळेत जाते, उपचार चालू आहेत, मधूनमधून भांडते, हसते. हे सगळं इथे टाकण्याआधी तिला आणि ताईला वाचून दाखवलं. तिने दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली. कसं, कशाने, हे मी लिहिणार नाही. प्रतिसादांतही कुणी लिहू नये ही विनंती. वाचणारा कुठल्या मनःस्थितीत असेल ते आपल्याला दिसत नाही. आणि हे वाचताना ज्याला स्वतःबद्दलच तसं वाटत असेल, त्याने धागा बाजूला ठेवून आधी जवळच्या कुणाला तरी हाक मारावी, नाहीतर आपल्या भागातल्या हेल्पलाइनला किंवा तातडीच्या वैद्यकीय सेवेला फोन लावावा. धागा कुठे जात नाही.

दवाखान्याच्या बाकावर बसले होते तेव्हा पहिल्या तासाभरात एकच वाक्य पुन्हा पुन्हा कानावर पडत होतं. ‘एवढ्याशा कारणावरून?’ आदल्या रात्री भावजींनी तिचा मोबाइल काढून घेतला होता. येणारा प्रत्येक नातेवाईक ते ऐकायचा, मान हलवायचा आणि हेच विचारायचा. खोटं कशाला बोलू, मीही मनात तेच म्हटलं होतं.

तीन महिन्यांनी ती माझ्याकडे राहायला आली होती. रात्री दिवा घालवल्यावर अंधारात म्हणाली, “मावशी, मोबाइलचं नव्हतं गं ते. वर्गात माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. एकच मैत्रीण होती, दुसऱ्या गावची, ती फोनमध्येच होती.” थोड्या वेळाने म्हणाली, “आणि आईबाबा माझ्यावरूनच भांडायचे. मला वाटलं, मी नसले तर त्यांचं तरी नीट होईल.”

त्या रात्रीनंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. थॉमस जॉइनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने २००५ मध्ये जे मांडलं ते वाचून हातातलं पुस्तक मिटून ठेवावं लागलं. आत्महत्येची इच्छा दोन भावना एकत्र आल्या की तीव्र होते, असं तो म्हणतो: ‘मी कुणाचीच नाही’ आणि ‘माझा सगळ्यांना भार होतो’. भाचीची दोन वाक्यं म्हणजे हेच होतं. तिने जॉइनर वाचलेला नव्हता. ती फक्त खरं बोलत होती.

यातली दुसरी भावना आपण मोठी माणसं फार कमी लेखतो. मूल ‘तुम्हाला धडा शिकवते’ म्हणून हे करतं, अशी एक समजूत असते. तिचा हिशोब अगदी उलटा होता. तिला वाटत होतं की ती घरावर उपकार करते आहे. आईबाप जेव्हा दाराआड ‘हिच्यापायी काय होऊन बसलंय’ असं बोलतात, तेव्हा ते दमलेले असतात, दुसऱ्या दिवशी ते विसरतातही. पलीकडच्या खोलीतलं पंधरा वर्षांचं मूल ते विसरत नाही. ते त्याची बेरीज करत राहतं.

एडविन श्नाइडमन यांनी उभं आयुष्य या अभ्यासात घालवलं. त्यांचं म्हणणं असं की आत्महत्येच्या मुळाशी असह्य झालेली मनाची वेदना असते. मरण हे ती वेदना थांबवण्याचा एकमेव उरलेला मार्ग वाटू लागतं. ‘एकमेव’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. दुःखात नजर इतकी अरुंद होते की बाकीच्या वाटा असूनही दिसत नाहीत.

आता घराबद्दल. ताई-भावजींचं लेकीवर प्रेम नव्हतं असं कुणी म्हणालं तर मी भांडेन. तिची चौकशी दिवसभर चाले: जेवलीस का, अभ्यास झाला का, कुठे होतीस, कुणाचा फोन होता. मनाची चौकशी मात्र नव्हती. गॉर्डन पार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये पालक आणि मुलाचं नातं मोजण्यासाठी २५ विधानांची एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजतात, माया किती आणि ताबा किती. माया कमी जाणवते आणि ताबा जास्त, अशा जोडीला त्यांनी वेगळं नावच दिलं आहे, आणि आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या मुलांच्या घरांचा अभ्यास करताना ही जोडी नंतर पुष्कळदा आढळली. ‘जाणवते’ असं मी मुद्दाम लिहिलं. प्रश्नावली मूल भरतं, पालक नाही. माया आहे की नाही याचं उत्तर तिथे मुलाच्या बाजूने लिहिलं जातं.

मार्शा लिनेहान या मानसशास्त्रज्ञ स्वतः १७ व्या वर्षी मनोरुग्णालयात दाखल झाल्या होत्या, आणि ते त्यांनी जाहीरपणे सांगितलं २०११ मध्ये. मुलाच्या भावना वारंवार खोट्या किंवा चुकीच्या ठरवणारं वातावरण, ही कल्पना त्यांच्या मांडणीच्या मध्यभागी आहे. ‘त्यात काय रडायचं?’ ‘तुला कसलं आलंय टेन्शन?’ ‘नाटकं पुरे.’ ही वाक्यं दुष्टपणाने बोललेली नसतात. मीच भाचीला म्हटलं होतं, “या वयात असं वाटतंच गं.” तेव्हा मला ती समजूत वाटली होती. तिला ते दार बंद झाल्यासारखं वाटलं.

ती आधी सांगत होती, हेही आता कळतं. वर्षभर पोटात दुखणं, डोकं दुखणं, तपासण्या सगळ्या नॉर्मल. मग चिडचिड. या वयात नैराश्य नेहमी रडवेल्या चेहऱ्याने येत नाही, संतापाच्या चेहऱ्यानेही येतं. आम्ही तिच्या उर्मटपणावर उपाय शोधत बसलो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ७,२७,००० माणसं आत्महत्येने गेली. १५ ते २९ या वयात मृत्यूच्या कारणांत हे तिसरं. प्रयत्न करणारे यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त. म्हणजे असे बाक आणि ‘एवढ्याशा कारणावरून’ विचारणारे नातेवाईक सगळीकडे आहेत. तुमचे अनुभव वाचायचे आहेत.

---

कंदील

पाणवठाताई, भाचीला माझा नमस्कार सांगा. मी अनेक वर्षं रुग्णालयात किशोरवयीन मुलांसाठी समुपदेशक म्हणून काम करते. ‘शेवटच्या दिवसाचं कारण’ आणि ‘आधीच्या महिन्यांचं कारण’ हा फरक मला रोज कुणाला तरी समजावावा लागतो. निकाल, ब्रेकअप, ओरडा, फोन, ही ठिणगी. खाली काय साठलं होतं ते विचारावं लागतं. तिथे एकच गोष्ट सापडत नाही: नैराश्य किंवा दुसरा मानसिक आजार, घरातला हिंसाचार, छळ, लैंगिक अत्याचार, वर्गातली चेष्टा, जवळच्या कुणाचा मृत्यू, घराण्यात आधी झालेली आत्महत्या, यातलं बरंच काही एकमेकांत गुंतलेलं असतं. आणि प्रेमळ, बोलक्या घरातही हे घडतं, हे अशा घरातल्या आईबापांसाठी मला ठळकपणे सांगायचं आहे.

वयाचा भागही मोठा आहे. भावनांचा उद्रेक करणारा मेंदूचा भाग या वयात पूर्ण जोरात असतो; थांबवणारा, ‘उद्या बघू’ म्हणणारा कपाळामागचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो. त्यामुळे मोठ्या माणसाला जी रात्र वाईट जाते, ती मुलाला आयुष्यभराची वाटते. पण लाट ओसरते. रिचर्ड सायडेन यांनी १९७८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला, ऐन क्षणी अडवलेल्या ५१५ माणसांचा. पुढे अनेक वर्षांनी पाहिलं तर सुमारे ९४ टक्के एकतर जिवंत होती किंवा नैसर्गिक कारणाने गेलेली होती. ‘ज्याला करायचंच आहे त्याला कोण अडवणार’ असं म्हणणाऱ्यांना मी हा आकडा सांगते.

विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेला विचार शिरेल ही भीतीही जवळजवळ प्रत्येक पालकाला असते. मॅडलिन गूल्ड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दोन हजारांहून जास्त शाळकरी मुलांमध्ये हे तपासलं. आत्महत्येच्या विचारांबद्दल प्रश्न विचारल्याने मुलांचा त्रास वाढला नाही. जी आधीच खचलेली होती, त्यांना उलट थोडं बरं वाटल्याचं दिसलं. तेव्हा आडून आडून नको. ‘तुला मरून जावं असं वाटतं का?’ या शब्दांतच विचारा. ‘तू तसलं वेडंवाकडं काही करणार नाहीस ना?’ असं विचारलं की मुलाला कळतं, इथे फक्त ‘नाही’ हे उत्तर चालतं.

---

तिसरा_मजला

सगळ्यांबद्दल आदर ठेवून लिहितो, राग मानू नका. माझं लहानपण मार खाण्यात गेलं. वडिलांसमोर तोंड उघडायची टाप नव्हती. आमच्यापैकी कुणी असं केलं नाही. आता मुलांना काही बोलायचंच नाही का? फोन काढून घेतला तर बाप दोषी, नाही घेतला तरी बापच दोषी. भावजींची बाजू कुणी ऐकली का?

दोन वेळा हे लिहून खोडलं होतं, आता टाकतो. माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. गेले दोन महिने घरात फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच बोलतो. म्हणून धागा उघडला.

---

जुनीवही

@तिसरा_मजला, तुमच्यासाठी लिहितेय. मी सोळाव्या वर्षी प्रयत्न केला होता. आता चाळीस ओलांडली आहे.

आमच्या घरात मार नव्हता. तुलना होती, आणि त्याहून जास्त गप्पपणा. वडील नाराज झाले की बोलणं बंद करायचे. एकदा एकवीस दिवस. आई म्हणायची, तू माफी माग म्हणजे संपेल. कशाची, ते मला कळायचं नाही. तरी मागायचे. शेवटी शेवटी मला असं वाटायला लागलं होतं की मी घरात असण्याबद्दलच माफी मागते आहे.

तुम्ही विचारता, आमच्यापैकी कुणी कसं केलं नाही. आमच्या घरातही कुणी केलं नव्हतं, कारण माझ्याबद्दलसुद्धा बाहेर ‘ताप डोक्यात गेला होता’ असंच सांगितलं गेलं. त्या दिवसाबद्दल आमच्या घरात आजपर्यंत कुणी एक शब्द काढलेला नाही. दवाखान्यातून आणलं, खोली आवरून ठेवली होती, चादर नवी होती. मला ती चादर अजून आठवते. कुणीतरी शेजारी बसून ‘काय होत होतं गं तुला?’ एवढं विचारावं म्हणून मी कित्येक दिवस दार उघडं टाकून झोपत होते.

मला सावरलं ते माझ्या एका बाईंनी. त्या काही खास बोलायच्या नाहीत. दर आठवड्याला वर्ग सुटल्यावर विचारायच्या, “हा आठवडा कसा गेला?” आणि मी उत्तर देईपर्यंत थांबायच्या. दोन वर्षं. पुढे औषधं घेतली, थेरपी घेतली, त्याचाही मोठा वाटा आहे. मी जिवंत आहे याचा मला आनंद आहे, हे सोळा वर्षांच्या मला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

---

कंदील

जुनीवही, तुमच्या बाईंवरून जेरोम मोटो यांचं काम आठवलं. नैराश्य किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे दाखल होऊन घरी गेलेल्या आणि पुढचे उपचार नाकारलेल्या ८४३ माणसांपैकी निम्म्यांना त्यांच्या गटाने पाच वर्षं अधूनमधून छोटी पत्रं पाठवली. दोन-चार ओळी: तुम्ही बरे असाल अशी आशा आहे, आम्हाला कळवावंसं वाटलं तर आनंद होईल. सल्ला नाही, अट नाही. ज्यांना पत्रं गेली त्यांच्यात आत्महत्येने झालेले मृत्यू कमी होते, आणि पहिल्या दोन वर्षांत हा फरक सर्वांत स्पष्ट होता.

---

पाणवठा

@तिसरा_मजला, तुम्ही खोडलं नाहीत हे फार चांगलं केलंत. भावजींची बाजू आम्ही ऐकली, उशिरा ऐकली. त्यांचं वजन सात किलो उतरलं. सहा महिने ते तिच्या खोलीबाहेर सतरंजी टाकून झोपत होते.

त्यांनी फोन काढून घेतला ते चूक नव्हतंच, असं आता भाचीसुद्धा म्हणते. रात्री दोन-दोनपर्यंत ती जागी असायची. पण तो घेतला कसा? आत्या, काका, सगळे बसलेले असताना, तिचे मेसेज मोठ्याने वाचून दाखवून. तो अपमान होता. नियम घरात आजही आहेत, रात्री दहाला फोन बाहेरच्या कपाटात जातो, तिचाही आणि भावजींचाही. फक्त आता नियम सांगताना तिला गर्दीत उभं करत नाहीत.

माराबद्दल एक. शानटा ड्यूब आणि सहकाऱ्यांचा २००१ चा अभ्यास आहे, १७,३३७ प्रौढांचा. लहानपणी मारहाण, लैंगिक अत्याचार, अपमान, आईला मारलेलं पाहणं, घरात व्यसन, असं काहीही वाट्याला आलेलं असेल तर आयुष्यात आत्महत्येचा प्रयत्न होण्याचा धोका दोन ते पाच पट वाढलेला आढळला, आणि जितके प्रकार जास्त तितका धोका चढत गेला. तुम्ही त्यातून निभावलात. कसे, ते तुमच्या मुलाला कधी सांगितलंय का? वडिलांची भीती वाटायची, हे?

---

फळा

मी शिक्षक आहे. मुलं आमच्याकडे येतात आणि पहिलंच वाक्य असतं, ‘सर, कुणाला सांगू नका.’ एका मुलीला मी शब्द दिला होता आणि तो मोडावा लागला. ती वर्षभर माझ्याशी बोलली नाही. अजून ते मनात आहे.

शाळेत करण्यासारखं बरंच आहे, हे मात्र आकड्यांनी दाखवलेलं आहे. युरोपातल्या दहा देशांत १६८ शाळांमध्ये ११,११० मुलांवर एक मोठा प्रयोग झाला, डानुटा वासरमन यांच्या नेतृत्वाखाली. २०१५ मध्ये निष्कर्ष आले. ज्या शाळांत मुलांनाच एकत्र बसवून ताण, नैराश्य, मित्र संकटात असेल तर काय करायचं यावर बोलतं केलं, भूमिका करून बघायला लावल्या, तिथे वर्षभराने आत्महत्येचे नवे प्रयत्न जवळजवळ निम्म्यावर आले होते. त्याच प्रयोगात फक्त शिक्षकांना धोक्याची लक्षणं ओळखायचं प्रशिक्षण देण्याचाही एक गट होता. तिथे असा ठोस फरक पडला नाही. शिक्षक म्हणून हे वाचताना थोडं लागलं. पण खरं आहे. मुलांचं आधी मुलांनाच कळतं.

---

कंदील

@फळा, गुप्ततेचा शब्द कधीच देऊ नका. ‘तुझ्या जिवाला धोका असेल तर मला कुणालातरी सांगावं लागेल, पण कुणाला आणि कसं ते आपण दोघं मिळून ठरवू’, हे आधीच सांगा. घरातच अत्याचार होत असेल तर कुणाला सांगायचं हे फारच जपून ठरवावं लागतं. तुम्ही शब्द मोडलात म्हणून ती वर्षभर तुमच्यावर रागावू शकली.

पालकांसाठी थोडं व्यवहाराचं लिहिते, कारण धक्क्यात कुणाला काही सुचत नाही. आधी झालेला प्रयत्न हा पुढच्या धोक्याचा सर्वांत मोठा इशारा असतो, आणि दवाखान्यातून घरी आल्यानंतरचे पहिले आठवडे सर्वांत नाजूक. नेमक्या त्याच आठवड्यांत घर म्हणतं, ‘आता झालं ते झालं, विषय नको.’ तपासणीची पुढची तारीख चुकवू नका. घरातली औषधं आणि इजा होऊ शकेल अशा वस्तू कुलपात किंवा घराबाहेर जाऊ द्या. यात मुलावर अविश्वास नाही. लाट ओसरेपर्यंत वेळ मिळावा, एवढ्यासाठीच.

आणि मुलासोबत बसून एक कागद लिहा: लाट येते आहे हे मला कशावरून कळतं, तेव्हा मी एकट्याने काय करू शकतो, कुणाकडे जाऊन बसू शकतो, कुणाला सांगू शकतो, कुठल्या डॉक्टरांना फोन करायचा. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी अशा कागदाची पद्धत नीट बसवली आहे, तुमच्या समुपदेशकांना ठाऊक असेल. शब्द मुलाचेच हवेत. एका मुलाने ‘कुणाकडे जाऊन बसू’च्या पुढे शेजारच्यांच्या कुत्र्याचं नाव लिहिलं होतं. मी ते तसंच राहू दिलं.

---

तिसरा_मजला

काल विचारलं. गाडीत, तो शेजारी बसला होता, म्हणजे नजरेला नजर द्यावी लागत नाही. आधी माझ्या वडिलांबद्दल सांगितलं, मी किती घाबरायचो ते. मग कंदील यांनी लिहिलेल्या शब्दांतच विचारलं. हात थरथरत होते म्हणून गाडी बाजूला घेतली.

तो म्हणाला, ‘नाही बाबा, तसं काही नाही.’ आणि खिडकीबाहेर बघत राहिला. बस एवढंच. मला वाटलं होतं काहीतरी होईल.

---

कंदील

झालं की. पहिल्यांदा विचारल्यावर बरीच मुलं ‘नाही’ म्हणतात. तुम्ही रागावता का, घाबरून आईला फोन करता का, उद्यापासून पहारा लावता का, हे तो बघेल. काही न करता आठवड्याभराने पुन्हा विचारा, ‘त्या दिवशी विचारलं होतं, अजून मनात आहे माझ्या.’ दोन महिन्यांचा अबोला मात्र लहान गोष्ट नाही. झोप, शाळा, मित्र यांत बदल दिसत असेल तर वाट न बघता तज्ज्ञाला दाखवा. स्वतःच्या वस्तू वाटून टाकतोय, निरोपासारखं बोलतोय, खूप दिवसांच्या अस्वस्थतेनंतर अचानक एकदम शांत झालाय, असं दिसलं तर त्याच दिवशी न्या, आणि त्याला एकटं सोडू नका.

---

अबोली१२

खूप दिवस नुसती वाचत होते. माझ्या मोठ्या भावाने प्रयत्न केला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. मला काकूंकडे पाठवलं. तो आजारी आहे एवढंच सांगितलं. परत आले तेव्हा घरात सगळे हळू बोलत होते आणि मला कुणी काहीच सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आदल्या दिवशी मी त्याच्याशी रिमोटवरून भांडले होते. मला वाटत होतं, माझ्यामुळे झालं. हे मी पहिल्यांदा बोलले ते २४ व्या वर्षी. भाऊ आता ठीक आहे, आमचं छान जमतं. पण तेरा वर्षं मी घरात मोठ्याने भांडले नाही.

पाणवठाताई, तुमच्या भाचीला भावंड आहे का?

---

पाणवठा

आहे. धाकटा, नऊ वर्षांचा. त्या आठवड्यात तो माझ्याचकडे होता आणि मी त्याला सांगितलं होतं, दीदीला ताप आलाय.

ताईशी आत्ताच बोलले. शनिवारी मी तिकडे जाते आहे. त्याला काय सांगायचं ते आधी भाचीला विचारणार आहोत.